अंदाज मोबाइलात, ऊन वर्गात



मागच्या एका एप्रिलची गोष्ट. तिसरीचा पेपर सुरू होता. सव्वादहा वाजले असतील. दुसऱ्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, डोक्सं दुखून रायलं." मी म्हटलं, "पाणी पी, एवढा एक प्रश्न सोडव आणि मग जा." तिनं तो सोडवला, उठली आणि दारापर्यंत जाता जाता बसलीच खाली. चेहरा पांढराफटक, अंग घामानं चिकट. नशीब की शुद्धीवर होती. कडुनिंबाखाली नेलं, ओला दुपट्टा अंगावर टाकला, घोट घोट पाणी पाजलं. अर्ध्या तासानं बरी झाली. आजी घ्यायला आली. मला एक शब्द बोलली नाही, उलट म्हणाली, "तुमाले तरी काय माहीत मॅडम, ऊनच असं तपून रायलं."

पण मला माहीत होतं ना! सकाळी साडेसहाला बसमध्ये मोबाइल पाहिला होता. जिल्ह्याला उष्णतेचा पिवळा इशारा होता. शुभ सकाळच्या फुलांसारखाच तोही मी बोटानं वर सरकवून दिला होता. आज जे लिहिते आहे ते त्या बोटाबद्दल आहे.

आपल्याकडे "हवामान खात्याचा अंदाज" म्हटलं की लोक आधी हसतात. पावसाच्या बाबतीत त्यांना अगदीच दोष देता येत नाही. पाऊस एका शिवारात पडतो आणि धुऱ्यापलीकडे कोरडं राहतं. उन्हाचं मात्र तसं नसतं. राजस्थानकडून कोरडे, तापलेले वारे वाहू लागतात, वर हवेचा दाब जास्त असतो, वरून खाली येणारी हवा दाबली जाऊन आणखी तापते, ढग धरत नाहीत. खाली आपली काळी जमीन उघडी पडलेली. ओल असेल तर उन्हाची बरीच उष्णता पाणी वाळवण्यात खर्च होते, ओल नसली की ती सगळी हवा तापवते. ही स्थिती तीन-चार राज्यांवर पसरते आणि हळूहळू बदलते, म्हणून दोन-चार दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येते. पावसाच्या अंदाजाला हसणाऱ्यानं उन्हाच्या अंदाजाला हसू नये, एवढंच माझं म्हणणं.

गावाचा स्वतःचा अंदाजही आहे. अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते, तिच्याकडे सगळं वऱ्हाड कान लावून बसतं. उन्हासाठी नवतपा आहेच. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नऊ दिवस, म्हणजे साधारण २५ मे ते २ जून. आमच्या आजीचा नवतपा चुकत नसे आणि त्यात तथ्यही आहे. २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ च्या वर गेला तो मे अखेरीस, ऐन नवतप्यात. पण २०१९ मध्ये अकोला जगातल्या सर्वात तापलेल्या शहरांच्या यादीत झळकलं तेव्हा एप्रिलच सुरू होता. नवतपा दरवर्षी तेच सांगणार, कारण तो पंचांगात आहे. यंदाच्या मंगळवारी काय होणार हे त्याला विचारून उपयोग नाही. मुलांना मी हा फरक असाच सांगते आणि त्यांना तो पटकन कळतो.

आता थोडं खात्याच्या बाजूचं, कारण इशारा वाचायचा कसा हे आपल्यालाही डी.एड.ला कुणी शिकवलं नाही. मैदानी भागात पारा किमान ४० असेल आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वर गेला, तर उष्णतेची लाट म्हणतात. किंवा सरळ ४५ गाठला तर. ४७ म्हणजे तीव्र लाट. शिवाय विभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस तसं व्हावं लागतं. आता अकोल्याचं पहा. मे महिन्यात ४२ च्या आसपास हे आपलं नेहमीचंच. म्हणजे ४४ ला फरक फक्त दोन अंशांचा, ४५ ला टेकलेलं नाही, कागदावर लाट नाही! मुंबईकडचा माणूस ४४ ऐकून डोळे पांढरे करेल, आपल्याकडे तो साधा दिवस. त्यामुळे इशारा नाही म्हणजे धोका नाही, असं आपल्या भागात तरी धरू नका.

दुसरी गोष्ट, बातमीतला आकडा सावलीतला असतो. जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, पांढऱ्या, फटी असलेल्या लाकडी पेटीत तापमापक ठेवतात, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही असा. आपला वर्ग तशी पेटी नाही. टिनाच्या छताखाली पंचवीस लेकरं आणि लाइट गेलेली असली की त्या आकड्याचा आपल्याशी संबंध उरत नाही. आणि यंत्रही चुकतं बरं का. मे २०२४ च्या अखेरीस दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश आले आणि देशभर गाजावाजा झाला. तपासल्यावर ते यंत्र तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्याच दिवसांत नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले, तीही संवेदकाची चूक. देशातला नोंदलेला उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचाच राहिला, २०१६ चे ५१ अंश. 'बातमी तपासावी कशी' यावर पाचवीला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

त्याच मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनानं कलम १४४ लावलं. कामाच्या ठिकाणी पाणी-पंखे द्या, खासगी शिकवण्या दुपारी घेऊ नका, असे आदेश निघाले. लोकांनी थट्टा केली, उन्हाला जमावबंदी म्हणे. मला थट्टा करावीशी वाटली नाही. अंदाज पाहून कुणीतरी काहीतरी केलं, हे आपल्याकडे नवीन होतं.

कारण शाळांचं कॅलेंडर अंदाज पाहून ठरत नाही. २०२५ ला पहिली ते नववीच्या परीक्षांचं वेळापत्रक सगळ्या राज्याला एकच आलं, ८ ते २५ एप्रिल. हेतू समजण्यासारखा होता. परीक्षा लवकर उरकल्या की मुलं यायची थांबतात, हे आपण सगळे जाणतो. पण रत्नागिरीचा २५ एप्रिल आणि अकोटचा २५ एप्रिल एक नसतो. सकाळची वेळ दिली होती, प्राथमिकला ७ ते सव्वाअकरा. कागदावर ठीक. पण सव्वाअकराला सुटलेलं लेकरू दोन किलोमीटर पायी घरी पोचतं तेव्हा बारा वाजायला आलेले असतात, पायात स्लिपर आणि खाली तापलेला डांबरी रस्ता. विदर्भाची शाळा जूनमध्ये उशिरा उघडते, हे ऊन ओळखूनच ना? मग एप्रिलमध्येच ते ऊन विसरायचं कशाला?

"आपल्या पोरांना सवय आहे" असं एक सहकारी म्हणाले. सवय असते, शरीर काही दिवसांत जुळवूनही घेतं. पण किती? अहमदाबादच्या लोकांना काय सवय नव्हती? मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ जास्त मृत्यू झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णता कृती आराखडा केला. अंदाज आला की कुणी कुणाला फोन करायचा, दवाखान्यानं काय तयार ठेवायचं, हे आधीच ठरलेलं. पुढे नागपूरनंही असा आराखडा केला. आमच्या केंद्रात असं काही ठरलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मी शाळा बंद ठेवा म्हणत नाही. बंद ठेवली तर पोषण आहार जातो आणि काही घरी तोच दिवसाचा पहिला घास असतो. आईबाप कामाला गेलेले, पोरगं घरी टिनाखालीच बसणार. खारपाणपट्ट्यातल्या गावांत तर उन्हाळ्यात गोड्या पाण्याचीच मारामार, शाळेत निदान टाकी असते. मला हवं आहे ते याहून कमी. उद्या जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर मुख्याध्यापकांना दहालाच शाळा सोडण्याचा आणि पेपर पुढे ढकलण्याचा अधिकार असावा, वरून पत्र येण्याची वाट न पाहता. स्वयंपाकीण ताईंना आदल्या दिवशी निरोप, म्हणजे खिचडी नऊला तयार. दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं, तो केंद्रप्रमुखांनी गटावर टाकावा. यात पैसा कुठे लागतो?

पालकांनाही एक सांगायचं आहे. सकाळी सातची शाळा म्हणून पोरं चहा-बिस्किटावर येतात. एक वाटी भात-ताक, नाहीतर रात्रीची भाकर-दूध तरी पोटात जाऊ द्या. खिशातल्या कांद्यावर विसंबू नका, पाण्याची बाटली द्या. आणि पोरगं "डोक्सं दुखते" म्हणालं तर ते पेपर टाळायला म्हणतं असं लगेच धरू नका. हे मी आधी स्वतःलाच सांगते. भोवळ येऊन बोलणं असंबद्ध झालं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

आमच्या वर्गात आता एक फळा फक्त याच्यासाठी आहे. 'मौसम' ॲपवरचा उद्याचा आकडा मुलं आज लिहितात. व्हरांड्यात एक तापमापक टांगला आहे, सात, नऊ आणि अकराला वाचायचा. खात्याचा कमाल आकडा दुपारचा असतो आणि आमचं वाचन सकाळचं, म्हणून दोन्हींची थेट बरोबरी करायची नाही, हे समजवायला मला दोन दिवस लागले. मग एका पोरानं विचारलं, "मॅडम, अकराले चाळीस हाये, तं तीनले किती होईन?" दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यानं घरी जाऊन तीनला तापमापक पाहण्यासाठी तो मागितला. मी दिला. सोमवारी परत आला तो काच फुटून, घरी कोण्या बकरीनं पाडला म्हणे. पण वहीत तीन वाजताचा आकडा लिहिलेला होता. नवा आणला आहे, या वेळी प्लास्टिकचा.