पडायला शिकवा!

चिरंजीवांना कराटेच्या क्लासला घालावे, हा ठराव आमच्या घरात दोन विरुद्ध एक मतांनी पास झाला. आई आणि आजी बाजूने, चिरंजीव विरुद्ध. माझे मत मोजायची आमच्याकडे पद्धत नाही.

बंड्या नववीत आहे. घरात तोंडाची टकळी चालू. पण वर्गात ‘उभा राहून धडा वाच’ म्हटले, की घशाला कोरड पडते. शेजारी म्हणाले, ‘‘कराटेला घाला, धीट होईल!’’

आता मला सांगा, याला मारलंय कुणी? त्याला भीती ठोशाची नाही, चाळीस जोडी डोळ्यांची आहे. मला ती ठाऊक आहे. बावीस वर्षे काउंटरच्या काचेआड मी वाघ. निरोपसमारंभात दोन शब्द बोलायला उभे केले, की त्यांतला एकच सापडतो. या भीतीला 1980 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या विकारांच्या यादीत जागा दिली. आमच्याकडे अजून तिला बावळटपणा म्हणतात.

आणि क्लासात काय? पट्ट्याची परीक्षा, बघायला पालक, ‘मार, मार’चा गजर! घरी पाहुणे आले, की ‘‘बंड्या, काकांना किक दाखव!’’ म्हणजे डोळ्यांना भ्यालेल्या पोराला औषध म्हणून आणखी डोळे!

ज्यूदो काढणारे जिगोरो कानो लहान चणीचे. थोराड पोरे त्यांना छळत. 1882 साली टोकियोतल्या एका देवळात त्यांनी बारा चटयांवर शाळा मांडली. पेशाने ते मास्तरच. ज्यूदोत आधी शिकवतात ते पाडणे नव्हे, पडणे! सगळेच धपाधप पडतात, तिथे हसणार कोण?

म्हणून मी बंड द्याल तर करून बंड्याला ज्यूदोला घातला. अट एकच : बघायला कुणी जायचे नाही.

शाळामास्तरांनो, तुमच्या वर्गात एक शब्द अडखळला की हशा पिकतो. एक चटई तिथेही घाला. आणि जो पोरगा भीतीने शाळाच चुकवू लागला, त्याला डॉक्टरकडे न्या. पिवळ्या पट्ट्याने ते भागणार नाही.

परवा बंड्याने वाण्याकडून उरलेले पाच रुपये मागून आणले. वर्गात वाचताना आवाज अजून कापतो म्हणे. पण कापत कापत धडा संपतो.

माझा निरोपसमारंभ जवळ येतोय. मोठ्यांची बॅच असते का हो?