रिपोर्ट कपाटात ठेवू नका

सुर्ल्यात काय नि साखळीत काय, आमच्या घरांत बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्याची वाट ठरलेली. मुलगा नाहीतर जावई तो घेऊन येतो, दोघे-तिघे पुरुष सोप्यावर हळू आवाजात बोलतात, आणि कागद कपाटात जातो. ज्याच्या अंगाचा तुकडा कापला त्याला सांगतात, "कांय ना गो, मातशें इन्फेक्शन." ही रीत मला पटत नाही. का, ते सांगतो.

माझी काकी जन्मभर शेतात, कुळागरात अनवाणी वावरली. टाचेवर काळा डाग आला. कुरूप समजून ती तो ब्लेडने तासायची, बिब्बा लावायची. पुढे रक्त यायला लागलं तेव्हा तुकडा तपासला. निदान मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. घरात पहिला प्रश्न आला, "हा उन्हाने होणारा गोऱ्यांचा रोग ना?" गोऱ्यांत तो जास्त, हे खरं. पण सावळ्या माणसांत तो बहुतेकदा तळव्यावर, तळहातावर, नखाखाली येतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्लेला १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच सापडला. १९८१ साली ३६व्या वर्षी तो गेला.

रिपोर्ट इंग्रजीत, दोन पानी. घरातल्या एकाने "मार्जिन पॉझिटिव्ह" वाचलं आणि सुस्कारा सोडला, "पॉझिटिव्ह आसा, म्हणजे बरें!" अर्थ नेमका उलटा. कापलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोगाच्या पेशी आहेत, म्हणजे पुन्हा कापावं लागणार. त्याच कागदावर "एस-१०० पॉझिटिव्ह" असेल तर ती गोष्ट वेगळी. पेशी कोणत्या जातीच्या हे ओळखण्याची ती चाचणी. त्यावरून रोग पसरला असं ठरत नाही.

सगळा रिपोर्ट समजला नाही तरी चालेल. चार ओळी शोधा.

पहिली, ब्रेस्लो थिकनेस. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली हे माप मांडलं. रोग त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला, ते हे. वरून डाग रुपयाएवढा असून उथळ असू शकतो, तिळाएवढा असून खोल. १, २ आणि ४ मिमी हे टप्पे लक्षात ठेवा. "ॲट लीस्ट" लिहिलं असेल तर तुकडा अपुरा होता, खरी खोली जास्त असू शकते.

दुसरी, अल्सरेशन. रोगावरची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेली दिसते का? "प्रेझेंट" असेल तर धोका वाढतो.

तिसरी, मार्जिन. वर सांगितलंच.

चौथी, पीटी पुढचा आकडा. काकीचा होता पीटी३बी. ३ म्हणजे खोली २ ते ४ मिमीच्या दरम्यान, बी म्हणजे अल्सरेशन आहे. ही पूर्ण स्टेज नव्हे. स्टेज ठरायला गाठींची तपासणी लागते, गरजेप्रमाणे स्कॅनही. टाचेच्या रोगात पहिली गाठ साधारण जांघेतली. तिलाच सेंटिनल नोड म्हणतात. खोली १ मिमीच्या वर असली की डॉक्टर बहुधा ही तपासणी सुचवतात.

आता मुद्द्यावर येतो. काकीला "इन्फेक्शन" सांगितलं असताना दुसऱ्या ऑपरेशनला ती साफ नाही म्हणाली. तिचं बरोबरच होतं. इन्फेक्शनसाठी टाच आणि जांघ कोण कापून घेणार? शेवटी तिनेच नातवाकडून कागद वाचून घेतला. म्हणाली, "पाय माझा, मग कागद कोणाचा?" आणि ऑपरेशनला तयार झाली. काकी आज नाही. पण मधली चार वर्षं तिने डोळे उघडे ठेवून काढली, कुळागराची वाटणीही स्वतः करून दिली.

कोणी म्हणेल, म्हातारं माणूस धीर सोडेल. काहींना ऐकायचं नसतं, हेही खरं. मग त्यांनाच विचारा, "तुला किती सांगू?" न विचारता लपवणं म्हणजे माया नव्हे. डॉक्टरांकडे जाताना या चार ओळींखाली पेन्सिलने रेघ मारून न्या आणि प्रत्येकीबद्दल विचारा. दुसरं मत हवं असेल, टाटाला जायचं असेल, तर नुसता कागद पुरत नाही. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या.

आणि आज रात्री पाय धुताना घरातल्या सगळ्यांचे तळवे, नखं एकदा नीट बघा. नवा किंवा वाढत जाणारा काळा डाग दिसला तर ब्लेड आणि बिब्बा बाजूला ठेवा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.