आकाश पुन्हा भरले. कॉकपिटमध्ये आमची खुर्ची कुठे?

गेल्या महिन्यात माझ्या कचेरीत भंडारा जिल्ह्यातले एक गृहस्थ आले. एस.टी.त वाहक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. मुलगी बारावी सायन्सला चांगल्या गुणांनी पास झाली आहे आणि तिला वैमानिक व्हायचे आहे. त्यांच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून प्रशिक्षणाची छोटी विमाने उडतात. मुलगी लहानपणापासून ती बघत आली. बापाचा प्रश्न साधा होता, "साहेब, घर गहाण ठेवू का?"

हा एका बापाचा प्रश्न असला तरी त्याचे उत्तर एका घरापुरते नाही. कोरोनाच्या महामारीनंतर या देशातील विमान व्यवसायाचे काय झाले, नोकऱ्या कोणाच्या गेल्या, कोणाच्या परत आल्या आणि या सगळ्या उलथापालथीत आपल्या समाजाच्या हातून काय निसटले, याचा हिशेब त्यासाठी मांडावा लागेल. तो हिशेब आपण अजून मांडलेला नाही.

२५ मार्च २०२० पासून देशातील प्रवासी विमाने जमिनीवर आली. दोन महिन्यांनी, २५ मे रोजी ती पुन्हा सुरू झाली, पण एक-तृतीयांश क्षमतेने. २०१९ मध्ये देशांतर्गत विमानांनी १४ कोटी ४० लाखांच्या आसपास लोकांनी प्रवास केला होता. २०२० मध्ये हा आकडा ६ कोटी ३० लाखांवर आला. खाजगी कंपन्यांनी पगार कापले. देशातील सर्वात मोठ्या विमान कंपनीने, इंडिगोने, जुलै २०२० मध्ये दहा टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात सरकारी एअर इंडियाने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेची योजना आणली. परदेशात अडकलेल्या भारतीयांना 'वंदे भारत' मोहिमेत मायदेशी आणणारे वैमानिक आणि कर्मचारी ते हेच. त्यांच्या भत्त्यांना मोठी कात्री लागली.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशानेसुद्धा मार्च २०२० मध्ये कायदा करून विमान कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी मदत दिली आणि ३० सप्टेंबरपर्यंत कोणालाही सक्तीने घरी बसवायचे नाही अशी अट घातली. आपल्याकडे पगाराची अशी हमी कोणी दिली नाही. कर्जाच्या हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत मिळाली, पण व्याज चालूच राहिले. कर्ज काढून लायसन्स मिळवलेल्या तरुण वैमानिकांचे त्या काळात काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

मात्र महामारी ओसरली आणि आकाश पुन्हा भरले. २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या १६ कोटींच्या वर गेली. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची खरेदी जाहीर केली. इंडिगोने जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची मागणी नोंदवली. वैमानिकाचे व्यावसायिक लायसन्स २०२० मध्ये ५७८ जणांना मिळाले होते. २०२३ मध्ये १,६२२ जणांना मिळाले. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील, असे नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. नियमाप्रमाणे विश्रांती द्यायची तर माणसे कमी पडतात, हे साऱ्या देशाने पाहिले. म्हणजे नोकरी आहे. प्रश्न आहे तो त्या नोकरीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा.

ही वाट महामारीच्या गदारोळातच बंद झाली. लोक घराबाहेर पडू शकत नव्हते, मोर्चे निघू शकत नव्हते, त्याच काळात एअर इंडियाच्या विक्रीची प्रक्रिया पुढे सरकत होती. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटा समूहाची १८ हजार कोटींची बोली मंजूर झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी हस्तांतरित झाली. सुमारे बारा हजार कर्मचाऱ्यांना मिळाली ती वर्षभर न काढण्याची हमी. १९५३ साली कायद्याने राष्ट्रीयीकरण झालेली विमानसेवा पुन्हा त्याच घराण्याच्या उद्योगाकडे गेली. वर्तमानपत्रांनी 'महाराजा घरी परतला' म्हणून टाळ्या पिटल्या. त्या घरातून कोण बाहेर पडले, हे कोणी लिहिले नाही.

वकील म्हणून मी हे कायद्याच्या भाषेत सांगतो. संविधानाचे कलम १६ (४) राज्याच्या सेवांतील आरक्षणाबद्दल बोलते. एअर इंडिया सरकारची होती तोवर ती कलम १२ च्या अर्थाने 'राज्य' होती. म्हणून तिथे अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी जागा राखून ठेवाव्या लागत, बिंदुनामावली ठेवावी लागे, अनुशेषाचा जाब विचारता येई. तो अनुशेष प्रामाणिकपणे भरला गेला असे मी म्हणणार नाही. पण जाब विचारायला दार होते. मालकी बदलली आणि त्या क्षणी बिंदुनामावली रद्दीचा कागद झाली.

दुसरे दार न्यायालयाचे. ऑगस्ट २०२० मध्ये, महामारीच्या ऐन भरात, एअर इंडियाने राजीनामे मागे घेतलेल्या चाळीसहून अधिक वैमानिकांना कामावरून दूर केले. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि १ जून २०२१ रोजी न्यायालयाने त्यांना मागील पगारासह परत घेण्याचा आदेश दिला. हे शक्य झाले कारण मालक सरकार होते, रिट चालत होते. पुढे एअर इंडियाच्याच कर्मचाऱ्यांनी पगार व बढतीबाबत केलेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२४ रोजी, आर. एस. मदिरेड्डी खटल्यात, खाजगीकरणानंतर ही कंपनी 'राज्य' राहिली नाही, सबब तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही, असा निर्णय दिला. याचिका दाखल झाल्या तेव्हा कंपनी सरकारी होती, तरीही! कंपनी तीच, विमान तेच, खुर्ची तीच. पण त्या खुर्चीचे संवैधानिक संरक्षण गेले.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी का केली होती, हे इथे समजते. मालकी खाजगी असेल तर मूलभूत हक्क कारखान्याच्या फाटकापाशी थांबतात, हे त्यांनी ओळखले होते. आज ते विमानाच्या दारापाशी थांबले आहेत.

आता वाटेचा खर्च पाहा. दोनशे तास उड्डाण, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि नंतर विशिष्ट जातीचे विमान चालवण्याचे वेगळे प्रशिक्षण, हे सगळे धरून खर्च पन्नास लाखांपासून कोटीच्या घरात जातो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. त्या निवृत्त वाहकाचे घर गावठाणातले. कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. बँकेच्या लेखी त्याची किंमत काय? ज्यांच्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या घराचे कागद आज तारणाला अपुरे पडतात. कागदावर जातीचा शब्दही नाही, पण अट जातीचे काम बरोबर करते.

सरकारी योजना नाहीत असे नाही. रायबरेलीजवळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीत राखीव जागा आहेत, पण फी चाळीस लाखांच्या वर. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या उच्च श्रेणी शिक्षण योजनेत वैमानिक प्रशिक्षण आहे. परंतु खाजगी फ्लाइंग क्लबसाठी मर्यादा वर्षाला ३ लाख ७२ हजार रुपयांची. कोटीच्या वाटेवर एवढी शिदोरी किती पुरणार? महाराष्ट्रात 'महाज्योती'ने ओबीसी व भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना आखली. मग 'बार्टी'ने तशीच योजना पूर्ण खर्चासह का चालवू नये?

हे म्हटले की लगेच एक जुना सूर लागतो, विमान चालवायला गुणवत्ता लागते, तिथे आरक्षण कसले? उत्तर सरळ आहे. प्रशिक्षणात जागा मिळाली म्हणून कोणी लायसन्स हातात ठेवत नाही. परीक्षा सर्वांना एक, तास सर्वांना तेवढेच आणि नोकरीत लागल्यावरही ठरावीक मुदतीने तपासणी सर्वांचीच होते. विमानाला जात कळत नाही. जात कळते ती माणसांना. जून २०२५ मध्ये एका दलित प्रशिक्षणार्थी वैमानिकाने आपल्या कंपनीतील अधिकाऱ्यांनी जातिवाचक अपमान केल्याची तक्रार अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नोंदवली. 'विमान चालवायची तुझी लायकी नाही, चपला शिवायला जा', अशा आशयाचे शब्द वापरल्याचा त्याचा आरोप आहे. कंपनीने आरोप नाकारले आहेत; काय खरे ते न्यायालय ठरवील. परंतु असा आरोप आपल्या समाजातील कोणाला अविश्वसनीय वाटला असेल, असे मला वाटत नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मार्लन ग्रीन यांची लढाई आपल्या तरुणांनी अभ्यासावी. हवाईदलात विमाने चालवलेल्या या माणसाने १९५७ मध्ये कॉन्टिनेंटल या खाजगी कंपनीकडे अर्ज केला. त्याच्यापेक्षा कमी अनुभवाचे गोरे घेतले गेले, त्याला नाकारले. २२ एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. कोलोरॅडो राज्याचा भेदभावविरोधी कायदा खाजगी विमान कंपनीलाही लागू होतो, असे न्यायालयाने सांगितले. पुढे ग्रीन त्याच कंपनीत वैमानिक झाले. यातून धडा एकच. खाजगी मालकी ही भेदभावाची ढाल नाही, पण त्यासाठी आधी कायदा हवा. आपल्याकडे खाजगी नोकरभरतीतील प्रतिनिधित्वाचा कायदाच नाही. २००४ पासून चर्चा, समित्या आणि उद्योगपतींच्या स्वेच्छा आचारसंहिता यांवरच आपली बोळवण चालली आहे.

आपल्या मुलांना आज विमानतळावर कोणते काम मिळते? जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिना येथे सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी दोन हजारांच्या आसपास जागा निघाल्या आणि पंचवीस हजारांच्या आसपास तरुण लोटले. चेंगराचेंगरी होता होता राहिली. कॉकपिटला माणसे मिळत नाहीत आणि त्याच विमानाच्या पोटात बॅगा भरायला तरुणांची रेटारेटी. या दोन्ही गोष्टी एकाच धावपट्टीवर घडतात.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. एक, 'बार्टी'मार्फत वैमानिक प्रशिक्षणाचा पूर्ण खर्च आणि कर्जाला तारणाऐवजी शासनाची हमी. दोन, संविधानाच्या कलम १५ (५) चा आधार घेऊन खाजगी उड्डाण प्रशिक्षण संस्थांत राखीव जागांचा केंद्रीय कायदा. तीन, सार्वजनिक पैशाने बांधलेले विमानतळ वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या वैमानिकांत व कर्मचाऱ्यांत अनुसूचित जाती-जमाती व ओबीसी किती, हे दरवर्षी जाहीर करावे. आकडाच नसेल तर अन्याय सिद्ध कसा करणार?

आणि थोडे आपल्यालाही विचारू या. एअर इंडिया विकली गेली तेव्हा आपण कुठे होतो? टाळेबंदीचे कारण काही महिने खरे होते, नंतर नाही. कारकून आणि शिपायाच्या अनुशेषासाठी आपण लढलो, ते योग्यच केले. कॉकपिट मात्र आपले नाही असे आपणही मनातून मान्य केले होते काय?

त्या गृहस्थांना मी सांगितले, घर गहाण ठेवू नका. मुलीचे स्वप्नही मोडू नका. अकादमीच्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू करा, शिष्यवृत्तीचा अर्ज मी भरून देतो आणि नाकारला गेला तर त्याविरुद्ध आपण उच्च न्यायालयात जाऊ. सरकारी शिष्यवृत्तीवर तरी अजून रिट चालते. १९५४ साली बाबासाहेबांनी ज्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तिथली ही मुलगी आहे. बाबासाहेब ती निवडणूक हरले, पण त्यांनी लढणे सोडले नाही. मुलीचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. असे अर्ज गावोगावहून यायला हवेत.

जयभीम!