स्वस्तातला डोंगल आणि कर्नेलची किल्ली



आमच्या शाळेत लोकवर्गणीतून चार जुने संगणक आले. परवान्याचा खर्च नको म्हणून त्यांवर लिनक्स टाकलं. इंटरनेटसाठी एक स्वस्त वायफाय डोंगल घेतला, पण त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये नव्हताच. केंद्रातल्या एका तंत्रस्नेही सरांनी कोड उतरवून, कंपाईल करून तो बसवून दिला. दोन महिने छान चाललं. मग अपडेटमध्ये कर्नेल बदलला आणि डोंगल बंद! चौथीच्या मुलांचा तास वाया गेला. एक पालक म्हणाले, "मॅडम, फुकटचं असंच असायचं." मला मात्र हे पटत नाही.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. साधं ॲप हे वर्गातल्या विद्यार्थ्यासारखं असतं. गोंधळ घातला तर तेवढ्यालाच बाहेर काढता येतं. कर्नेलमधला ड्रायव्हर म्हणजे कार्यालयाच्या सगळ्या किल्ल्या दिलेला माणूस. तो चुकला तर अख्खी शाळा बंद. १९ जुलै २०२४ ला जगभर हेच झालं. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे त्यांचा कर्नेलमधला ड्रायव्हर कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. म्हणजे पैसे मोजले तरी हा धोका टळत नाही.

लिनक्समध्ये अजून एक अडचण आहे. आपल्या ॲपसाठीचे नियम सहसा मोडले जात नाहीत, पण कर्नेलच्या आतली रचना गरजेनुसार बदलत राहते. विकासकांनी हे उघडपणे सांगितलेलं आहे. ड्रायव्हर कर्नेलच्या मुख्य कोडमध्ये असेल, तर आतला बदल करणाराच त्यालाही दुरुस्त करतो. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरला मात्र कोणी वाली नसतो. डीकेएमएससारखी सोय तो नव्या कर्नेलसाठी आपोआप पुन्हा कंपाईल करते, पण आतलं फंक्शनच बदललं असेल तर तीही थकते. शिवाय सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर बहुधा आत घेतलाच जात नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की दोष फुकट सॉफ्टवेअरचा नाही. एकदा कोड देऊन हात झटकणाऱ्या कंपनीचा आहे, आणि फक्त किंमत बघून खरेदी करणाऱ्या आपलाही आहे.

यापुढे प्रिंटर, डोंगल, स्कॅनर काहीही घेताना दुकानदाराला आधी विचारा, "लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतं का?" जमलं तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून दुकानातच जोडून बघा. अपडेटनंतर अडलंच, तर संगणक सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नेल निवडून तात्पुरतं काम भागवता येतं. अपडेट कायमचं बंद ठेवू नका, सुरक्षेचे दोष तसेच राहतात.

आम्ही दुसरा डोंगल घेतला, थोडा महाग, पण ड्रायव्हर कर्नेलमध्येच असलेला. पहिल्याचे पैसे गेले. ते गावाने घामाचे म्हणून दिले होते, याची टोचणी मला अजून आहे.