जुन्या गिरणीचा धडा

एखाद्या कारखान्याला टाळे लागले की ‘सरकारने तो ताब्यात घ्यावा’ अशी मागणी आपल्याकडे हमखास पुढे येते. ही मागणी करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या स्मरणशक्तीविषयी मात्र शंका घ्यावीच लागेल. कारण हा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर, सोलापुरात, पाऊण शतकापूर्वीच होऊन गेला आहे. त्याची फळे कामगारांनी भोगली, भागधारकांनी भोगली आणि देशाच्या राज्यघटनेनेही भोगली. तरीही त्यातून कोणी काही शिकल्याचे दिसत नाही.

सोलापूर हा मुळात दुष्काळी मुलूख. शेतीवर भरवसा ठेवावा अशी पावसाची साथ नाही. अशा ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली. हीच सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’. तिच्या पाठोपाठ नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे घरे बांधली आणि गिरणीचा भोंगा हे शहराचे घड्याळ झाले. हे वैभव कोणत्याही पंचवार्षिक योजनेने निर्माण केलेले नव्हते. ते भांडवलदाराने पत्करलेल्या धोक्यातून आणि विणकराच्या हातातील कौशल्यातून उभे राहिले होते.

घटनेच्या उंबरठ्यावरील वटहुकूम

१९४९ मध्ये जुनी गिरणी अडचणीत आली. २७ जुलै रोजी संचालकांनी गिरणी बंद करण्याची नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला ती बंद पडली. हजारो कुटुंबांच्या चुली विझण्याची वेळ आली. अशा वेळी सरकारने हातावर हात ठेवून बसावे, असे कोणताही सुजाण माणूस म्हणणार नाही. गैरव्यवस्थापन झाले असेल तर दोषी व्यवस्थापकांवर खटले भरता आले असते, कंपनी कायद्याने अवसायनाची प्रक्रिया सुरू करून गिरणी नव्या, सक्षम मालकाकडे सोपविता आली असती. दिल्लीच्या सरकारने वेगळा मार्ग निवडला. ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात येण्यास अवघे सतरा दिवस उरले असताना, केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम काढण्यात आला. पुढे एप्रिलमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

या वटहुकुमाने काय केले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. जुने संचालक बरखास्त झाले आणि त्यांच्या जागी सरकारनियुक्त संचालक आले. भागधारकांचा संचालक निवडण्याचा हक्क संपला. सरकारच्या संमतीशिवाय त्यांच्या ठरावाला अर्थ उरला नाही. कंपनी अवसायनात काढण्याची मागणी करण्यासही सरकारचीच परवानगी लागणार होती. कागदोपत्री मालकी मात्र भागधारकांचीच राहिली. का? कारण मालकी घेतली असती तर मोबदला द्यावा लागला असता!

येथेच हे थांबले नाही. कंपनीचे शंभर रुपयांचे ३२,००० अग्रहक्क भाग होते आणि त्यांवर प्रत्येकी पन्नास रुपये भरणे बाकी होते. सरकारी संचालकांनी फेब्रुवारी १९५० मध्ये ही बाकी मागितली. म्हणजे कारभार सरकारचा, निर्णय सरकारचे, आणि सोळा लाख रुपये मात्र ज्यांचे सर्व अधिकार काढून घेतले त्या भागधारकांनी भरायचे! स्वतःच्या खिशातून छदाम न घालता दुसऱ्याच्या पैशावर कल्याणकारी ठरण्याची ही युक्ती पुढे चार दशके आपल्या अर्थकारणाचा स्थायीभाव बनली.

न्यायालय हरले नाही, घटना बदलली

एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ४ डिसेंबर १९५० रोजी चरणजितलाल चौधरी खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची सरशी झाली. परंतु न्या. पतंजली शास्त्री आणि न्या. सुधीरंजन दास यांनी विरोधी मत नोंदविले. देशात इतरही कंपन्यांचा कारभार बिघडलेला असू शकतो, मग एकाच कंपनीला वेगळे काढून तिच्यापुरता कायदा करणे हे समानतेच्या तत्त्वात बसत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

नंतर अग्रहक्क भागधारक द्वारकादास श्रीनिवास यांनी भागाच्या बाकीची मागणीच आव्हानित केली. मुंबई उच्च न्यायालयात त्यांना यश आले नाही, पण १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. नावापुरती मालकी शिल्लक ठेवून मालमत्तेचे सारे सार काढून घेणे म्हणजे मालमत्ता हिरावून घेणेच होय, आणि मोबदल्याविना ते करता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय होता. सामान्य माणसाला सहज पटावी अशी ही गोष्ट आहे. घराची किल्ली, भाडे आणि वापर दुसऱ्याने घेतला आणि उताऱ्यावरचे नाव तेवढे मालकाचे ठेवले, तर त्या नावाचे मालकाने करायचे काय?

लोकशाहीवर श्रद्धा असलेल्या सरकारने हा निकाल शिरोधार्य मानायला हवा होता. पंडित नेहरूंच्या सरकारने घटनाच बदलली. बेला बॅनर्जी, सुबोध गोपाल आणि सोलापूर या खटल्यांतील निकालांची अडचण दूर करण्यासाठी १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती आली. मोबदला पुरेसा आहे की नाही, हे तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार गेला. मालकी सरकारकडे हस्तांतरित होत नसेल तर ते सक्तीचे संपादनच नव्हे, अशी व्याख्या घटनेत घुसली. कारखान्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेण्याची तरतूद असलेले औद्योगिक कायद्यातील प्रकरण थेट नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवले गेले, जेणेकरून मूलभूत हक्कांच्या आधारे त्याला कोणी आव्हान देऊ नये. सोलापूरच्या एका गिरणीसाठी केलेली चूक अशा रीतीने साऱ्या देशाचा नियम झाली.

कामगाराच्या पदरी काय पडले?

‘भागधारकांचे काय घेऊन बसलात, कामगार तर वाचला ना?’ असा प्रश्न येथे विचारला जाईल. हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सोलापूरच्या रस्त्यांवर मिळते. जुनी गिरणी कालांतराने बंदच पडली. नरसिंगगिरजी गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाच्या आश्रयाला गेली आणि अखेर तिलाही टाळे लागले. केंद्राने १९७४ च्या कायद्याने देशातील १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. त्या गिरण्या सुदृढ झाल्या नाहीत, करदात्याच्या खर्चाने आजारी राहिल्या.

याचे कारण अगदी साधे आहे. १९५६ पासून गिरण्यांना नवे माग वाढविण्यास सरकारनेच बंदी केली होती. गिरणीच्या कापडावर जादा अबकारी कर होता. १९६४ पासून स्वस्त ‘नियंत्रित कापड’ तोट्यात विणण्याची सक्ती आली. यंत्रे जुनी होत गेली, परवान्याशिवाय विस्तार होईना. एका हाताने गिरणीचा गळा आवळायचा आणि दुसऱ्या हाताने तिच्या तोंडाला प्राणवायूची नळी लावायची, हे ते औद्योगिक धोरण!

सहकाराच्या नावानेही हेच घडले. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांसाठी सभासदांचे ५ टक्के, शासनाचे ४५ टक्के आणि कर्जाचे ५० टक्के असा भांडवलाचा आकृतिबंध ठरला. शंभरातले पाचच रुपये ज्यांचे, त्यांना उरलेल्या पंच्याण्णव रुपयांची काळजी किती असणार? अध्यक्षपदाच्या खुर्च्या भरल्या, चात्या मात्र अनेक ठिकाणी थांबल्या.

आणि सोलापूर तगले कशावर? ज्याच्याकडे नियोजनकर्त्यांनी कधी कौतुकाने पाहिले नाही, त्या यंत्रमागावर. पद्मशाली कुटुंबांनी दोन-चार मागांपासून सुरुवात केली, कर्ज काढले, रात्रपाळ्या केल्या आणि सोलापुरी चादर व टेरी टॉवेल देशाबाहेर पोहोचविले. आज या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. या उद्योगात सारे आलबेल आहे असे नव्हे. कामगारांचे वेतन, भविष्य निर्वाह निधी, सुताचे चढउतार आणि विजेचे दर हे प्रश्न आहेतच. पण तो जिवंत आहे, म्हणून त्याला प्रश्न तरी आहेत.

सवय मोडली पाहिजे

काळ बदलला, हे मान्य केले पाहिजे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने बुडीत कंपनी ठराविक मुदतीत नव्या मालकाकडे सोपविण्याचा मार्ग कायद्यात आणला. १९४९ मध्ये सोलापूरला नेमकी याचीच गरज होती. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातूनच आलेल्या खटल्यात, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही, असा बहुमताने निर्वाळा दिला.

परंतु कायदा बदलला तरी सवय सहजी सुटत नाही, मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो. वस्त्रांवरील वस्तू व सेवा कर ५ वरून १२ टक्के करण्याचा निर्णय १ जानेवारी २०२२ पासून लागू व्हायचा होता. देशभरातील व्यापारी आणि उत्पादकांच्या विरोधानंतर तो आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, स्थगित झाला. निर्णय मागे घेतला हे स्वागतार्हच, पण मागणी नोंदवून, सूत भरून बसलेल्या छोट्या कारखानदाराने आपला भाव वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत ठरवायचाच नाही काय? स्वपक्षाच्या राजवटीलाही हा प्रश्न विचारणे, हे राष्ट्रहिताची चिंता वाहणाऱ्यांचे कर्तव्यच आहे.

सरकारने रस्ते द्यावेत, अखंड वीज द्यावी, स्थिर करव्यवस्था द्यावी, ठकविणाऱ्याला तुरुंग दाखवावा आणि बेकार झालेल्या कामगाराला नवे कौशल्य मिळेपर्यंत थेट आधार द्यावा. एवढे केले तरी पुष्कळ झाले. माग चालविण्याचे काम ज्याला येते त्याच्यावर सोपवावे. कामगाराचे नाव घेऊन कारखाना ताब्यात घेणाऱ्यांनी कारखानाही वाचविला नाही आणि कामगारही वाचविला नाही, हा जुन्या गिरणीचा धडा आहे. पुढच्या वेळी कोठे टाळे लागेल आणि तीच जुनी मागणी पुन्हा उठेल, तेव्हा ती करणाऱ्यांना एकदा सोलापूरचा हिशेब विचारला पाहिजे.