अमावास्येची चिंबोरी

पुणेकराने समुद्राविषयी बोलावे हे काही मंडळींना रुचणार नाही. पण घाट चढून आलेली चिंबोरी आवडीने खाणारी घरे आपल्या शहरात थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांचे सागरी ज्ञान गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पदरी पडलेले असते. पौर्णिमेची चिंबोरी पोकळ, अमावास्येची भरलेली, हा त्यातला पहिला सिद्धांत. लक्ष्मीपूजन नेमके अमावास्येलाच येते, त्यामुळे त्या दिवशी तो कुणाच्या उपयोगी पडत नाही, ही गोष्ट वेगळी!

दुसरा सिद्धांत असा की, घ्यावी तर लाखेची मादी. पोटाखालची पट्टी रुंद असली की मादी, निमुळती असली की नर. ही केशरी लाख म्हणजे पुढे घातली जाणारी अंडी. एका मादीपोटी ती लाखांनी असतात.

आमच्या घरातली वडील माणसे म्हणतात, "पूर्वी दोन चिंबोऱ्यांत पातेले भरायचे." म्हाताऱ्यांच्या आठवणीत सगळेच मोठे असते, असे म्हणून आपण हसतो. पण सरकारी मोजणी टनांत होते. एक टन थोड्या मोठ्या खेकड्यांचा, तसाच पुष्कळ पिल्लांचाही भरतो. १९६० नंतर आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर वाढले. समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या त्या जाळ्यात कोळंबीबरोबर खेकडेही येत. ज्यांना भाव नसे ते पुन्हा पाण्यात फेकले जात. भाव आल्यावर तेच बंदरावर उतरू लागले. मग कागदावरचा आकडा चढला, म्हणून समुद्रात खेकडे वाढले असे कसे म्हणावे?

आणि खरोखर वाढले तरी आनंद मानावा की नाही, हाही प्रश्नच. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला कॉड मासा इतका उपसला गेला की १९९२ साली त्याची मासेमारी बंद करावी लागली. पुढे तिथे खेकडे आणि कोळंबी यांचे पीक आले. खाणारा गेला, खाद्य उरले!

आपल्याकडे मुंबईच्या समुद्रात शेवंडीची एक चपटी जात ट्रॉलरना भरपूर मिळे. १९९४ च्या सुमारास ती जवळजवळ दिसेनाशी झाली. शेवंडीची मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते, म्हणजे आई सापडली की पोरेही गेली. खेकड्याचीही रीत तीच. मात्र तो लवकर वाढतो, लवकर वयात येतो, म्हणून चिवटपणे टिकतो. त्याची घट बाजारात एकदम डोळ्यांत भरत नाही. पाटी भरलेलीच असते, फक्त आतला खेकडा लहान होत जातो.

कायदे आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला. पण लाखेची मादी कुणी मागायची, हे ठरते आपल्या स्वयंपाकघरात.

परवा कोळीणमावशींना म्हटले, "मावशी, नर द्या, मोठ्या नांग्यांचा." त्या म्हणाल्या, "दादा, लाख नको? घरी बाई बोलतील हो!"

बोलल्याच. पण नांग्यांचा रस्सा मुलांनी वाटीला तोंड लावून संपवला.