खेळ सांभाळणारी माणसेही हवीत



ऊस विकास खात्याच्या माणसाने खेळावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. या पानावर आपण बेणेप्रक्रिया, पाचट आच्छादन, को ८६०३२ चा खोडवा असले विषय वाचता. परंतु नोंदीसाठी शिवारात फिरताना बांधावर हल्ली जो प्रश्न वारंवार कानी येतो तो उसाचा नसतो, पोराचा असतो. पोरगं बी.ए. झालंय, वाळूजला कंपनीत कंत्राटावर लागलंय, बजाजनगरात चौघांनी मिळून खोली केलीय, पण जीव सगळा मैदानात. आता म्हणतंय, स्पोर्ट मॅनेजमेंटचा कोर्स करायचा, फी लाखात आहे. ऊस बिलातून भरावी का?

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हा धंदा खरा आहे, थोतांड नाही. पण कोर्सची फी ही त्यातली शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. आणि पहिली पायरी आपल्या गावातच आहे.

धंदा खरा कसा, ते आधी पाहू. आपल्या काळी कबड्डी खेळून फार तर रेल्वेत नाहीतर पोलिसात नोकरी लागायची. २००८ साली क्रिकेटची आयपीएल आली आणि २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग आठ संघांनिशी सुरू झाली. आज तिथे बारा संघ आहेत, त्यांत पुणेरी पलटण आणि यू मुंबा हे दोन आपल्या राज्याचे. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये एका खेळाडूवर २ कोटी ६० लाखांवर बोली गेली. २०२२ मध्ये बालेवाडीला खो-खोची अल्टिमेट लीग झाली. २०२३ मध्ये गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तिच्यात आपल्या शहराच्या नावाचा छत्रपती संभाजी किंग्ज हा संघ होता. २०२४ मध्ये तर टेनिस बॉलच्या क्रिकेटचीसुद्धा लीग निघाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही चषक भारताने जिंकले. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातली.

आता हिशेब असा करा. कबड्डीत मॅटवर सात जण उतरतात. त्या सातांच्या मागे प्रशिक्षक असतो, फिजिओ असतो, व्यायाम आणि आहार पाहणारा असतो, समोरच्या चढाईपटूच्या सवयी व्हिडिओवरून टिपणारा असतो. संघाचा मॅनेजर असतो. रेल्वे-विमानाची तिकिटे, हॉटेल, जेवण, औषधे, करारपत्रे हे त्याच्याकडे. जाहिरातदार आणणारा वेगळा, तिकीटविक्री पाहणारा वेगळा, वर्तमानपत्र आणि मोबाईलवरची प्रसिद्धी सांभाळणारा वेगळा. मैदानावर दिवे, गर्दी, गाड्या लावण्याची जागा, पोलीस परवानगी, रुग्णवाहिका हे बघणारी वेगळीच टोळी. म्हणजे खेळणाऱ्यांपेक्षा खेळवणारे जास्त.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. उसात गोडी शेतकरी आणतो. पण नोंद चुकली, तोडणीचा प्रोग्रॅम बिघडला, टोळी वेळेवर आली नाही किंवा गाडी काट्यावर तासन्‌तास उभी राहिली, तर त्याच उसाचे वजन आणि उतारा दोन्ही घटतात. चिटबॉयपासून चीफ केमिस्टपर्यंत साखळी आहे म्हणून साखर होते. खेळाचेही तेच आहे. नुसता गुणी खेळाडू असून भागत नाही.

याची साक्ष जुनी आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणले, हे आपण लेकरांना सांगतो. पण तिथवर जायला पैसा नव्हता. गावोगावी वर्गणी झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकले, असे सांगतात. हे काम मैदानाबाहेरचे, पण त्याशिवाय पदक नव्हते. तसेच शंकरराव तथा बुवा साळवी. कबड्डीच्या संघटनेत त्यांनी हयात घालवली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रदर्शनापुरती होती. १९९० ला बीजिंगमध्ये ती पदकाचा खेळ झाली. त्यामागे बुवांसारख्यांनी लिहिलेली पत्रे, केलेल्या बैठका, बसवलेले नियम होते. तेव्हा हे काम पदरमोड करून व्हायचे. आज त्याला पगार मिळतो, एवढाच फरक.

माझ्या शिक्षणाशी जुळणारी एक गोष्ट इथे जरा सविस्तर सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. क्रिकेटची खेळपट्टी करणारा जो क्युरेटर, त्याचे काम निम्मे शेतीचे आहे. मातीत चिकणमातीचे प्रमाण किती, पाणी कधी द्यायचे, वाफसा आला की रोलर किती वेळ फिरवायचा, गवत किती ठेवायचे, यावर चेंडू उसळणार की बसणार हे ठरते. काळ्या मातीची खेळपट्टी वाळली की भेगाळते आणि चेंडू संथ येतो. वानखेडेसारख्या लाल मातीच्या खेळपट्टीवर तो उसळतो. आणि मैदानावरचे ते हिरवेगार गवत कोणते? बर्म्युडा म्हणतात ते आपल्या हरळीचेच कुळ. उसातून जी हरळी खणता खणता आपली कंबर मोडते, तिची तिथे पगारी माणसे ठेवून निगा राखतात! क्रिकेट मंडळ क्युरेटरसाठी प्रशिक्षण व परीक्षा घेते. कृषी पदविका झालेल्या, माती परीक्षणाचा अहवाल वाचता येणाऱ्या मुलाने या वाटेकडे जरूर पाहावे. फलंदाज होता आले नाही म्हणून मैदान सोडायची गरज नाही.

आता आपल्या भागाचे दुखणे. मराठवाड्यात क्रीडा विद्यापीठ व्हावे अशी मागणी आणि घोषणाही होती, बजाजनगरापासून जवळच्या करोडीची जागाही चर्चेत होती. पुढे डिसेंबर २०२० मध्ये विधिमंडळाने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला आणि विद्यापीठ गेले पुण्याला, बालेवाडीत. तिथे १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले संकुल तयार होते, हे कारण खोटे नाही. पण ज्या जिल्ह्यांतून अविनाश साबळेसारखा धावपटू निघतो, तिथल्या मुलांनी शिकायला परत पुण्यालाच जायचे, हे मनाला लागते. तयार जागा नेहमी तिकडेच का असते, हा आपला प्रश्न आहे आणि तो विचारत राहिले पाहिजे.

दुसरे दुखणे त्याहून वाईट. डिसेंबर २०२४ मध्ये शहरातल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून २१ कोटींहून अधिक रुपयांचा अपहार झाल्याचा गुन्हा दाखल झाला. संशय होता तिथल्याच कंत्राटी कर्मचाऱ्यावर. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. मला सांगायचे आहे ते वेगळे. एवढी रक्कम जाईपर्यंत कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? ज्या माणसाला वही तपासता येते, बँकेचा उतारा जुळवता येतो, सहीच्या आधी व्हाउचर मागता येते, तो माणूस तिथे कमी पडला. सहकारातल्या सभासदाला लेखापरीक्षण म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. सर्वसाधारण सभेत आपण पै-पैचा जाब विचारतो. तीच सवय घेऊन आपले पोर खेळाच्या कारभारात गेले, तर ती खेळाची मोठीच सेवा होईल. खेळाडूला पदक हुकले तर पुढच्या वर्षी मिळते. मैदानाचा पैसा गेला तर एक पिढी जाते.

काही सभासद म्हणतील, साहेब, तिथे सगळा वशिला चालतो. चालतो, नाही म्हणत नाही. खेळाच्या संघटनांत वर्षानुवर्षे तीच माणसे दिसतात. पण २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आहे. राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला असाव्यात, तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, अशा त्याच्यातल्या तरतुदी आहेत. कायद्याने माणसे बदलत नाहीत, पण दार किलकिले होते. आत शिरायला तयारीची माणसे पाहिजेत. लेकींनाही यात जागा आहे, हे विसरू नये.

आता फीचा प्रश्न. शिक्षणाच्या चांगल्या सोयी आहेत. पुण्यात सिम्बायोसिसचे क्रीडा विज्ञान विद्यालय या विषयात एम.बी.ए. देते. मुंबईत माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये याच विषयाची संस्था काढली. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था १९५७ पासूनची आहे. सरकारी वाटेने जायचे तर तालुका आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची पदे असतात, तिथे शारीरिक शिक्षणाची पदवी विचारतात. पण या नावांच्या आडून गल्लोगल्ली दुकानेही निघाली आहेत. म्हणून फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे? मागच्या दोन वर्षांची मुले आज कुठे कामाला आहेत, त्यांचे फोन द्याल का? प्रत्यक्ष स्पर्धेवर किती दिवस काम करायला मिळेल? मध्येच सोडले तर फी परत किती? उत्तर देताना समोरचा चाचरला तर उठून यावे. "एवढे भरा, लीगच्या संघात घालतो" म्हणणारा भेटला, तर तो उचल घेऊन पळालेल्या मुकादमाचा भाऊ समजावा. आणि सोसायटीचे कर्ज काढून, बेण्याचा पैसा मोडून फी भरू नये. या धंद्यात पहिली काही वर्षे पगार बेताचा, पळापळ जास्त आणि काम हंगामी असते.

मग आधी काय करावे? पदवी पुरी करावी. त्यातही वाणिज्य, कायदा, संगणक, शारीरिक शिक्षण यांना इथे किंमत आहे. इंग्रजीत साधे पत्र लिहिता यावे, चार चौघांत बोलता यावे. पंचांची, गुणलेखकाची परीक्षा द्यावी. शहरात विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. तिथे काम कसे चालते ते विचारून पाहावे. जिल्ह्यात स्पर्धा होतात, तिथे बिनपगारी स्वयंसेवक म्हणून राबावे. आणि बजाजनगरात सुटीच्या दिवशी जे टेनिस बॉलचे सामने होतात, त्यांत एकाने तरी बॅट ठेवून वही हाती घ्यावी: प्रवेश फी किती आली, चेंडू-मंडप-चषकावर किती गेले, शिल्लक किती. शेवटी ते कागदावर लावावे. अशा दोन-तीन स्पर्धांचे चोख हिशेब आणि फोटो घेऊन मुलाखतीला गेलेल्या पोराला नुसत्या प्रमाणपत्रवाल्यापेक्षा जास्त सांगता येईल.

शेवटी संचालक मंडळाला आणि सभासदांना एक सूचना करतो. पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ साली आपल्याच शहरात झाली, तेव्हा खेळ भरवण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. पश्चिम महाराष्ट्रात कागलच्या शाहू कारखान्यासारखे कारखाने मल्लांना मानधन देतात, मॅटवरच्या स्पर्धा भरवतात. आपली ऐपत तेवढी नसेल. पण गाळप आटोपले की गटवार कबड्डी आणि खो-खोची स्पर्धा आपण भरवू शकतो. अट एकच: मैदान आखण्यापासून जमाखर्चापर्यंत सगळे काम सभासदांच्या मुला-मुलींनी करायचे, आणि स्पर्धेनंतर त्याचा हिशेब तपासून याच पत्रिकेत छापायचा. खर्च थोडा, पण दहा-वीस पोरांना आपण कशात बसतो हे फी न भरता कळेल.

या सूचनेवर आपले मत आपापल्या गट ऑफिसात लेखी द्यावे. विरोधाचे असेल तरी द्यावे.

— ऊस विकास अधिकारी